काळ्या स्क्रीनवरून वायफाय : दुकानातला रास्पबेरी पाय स्वतः कसा जोडायचा



मागच्या व्हिडिओत आपण दुकानातला जुना यूएसबी प्रिंटर रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरला लावला. हेतू हा की काउंटरचा लॅपटॉप आणि मोबाइल, दोन्हीवरून प्रिंट निघावी आणि त्यासाठी नवा वायफाय प्रिंटर घ्यायला लागू नये. व्हिडिओ टाकल्यावर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न मात्र प्रिंटरचा नव्हता. तो असा : "मॅडम, त्या डबीला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. मग वायफायचा पासवर्ड टाकायचा कुठे?"

टाकायचा कमांड लाइनवरून. म्हणजे ती काळी स्क्रीन, जी दिसली की निम्मे लोक व्हिडिओ बंद करतात. करू नका. बीबीएला हे काही शिकवत नाहीत, मी दुकान चालवता चालवता शिकले. एकूण लागणाऱ्या कमांड पंधरा-वीसच्या वर नाहीत आणि त्यातल्या रोजच्या कामाच्या पाच-सहा.

हे स्वतःला यायलाच हवं असं मी का म्हणते? आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं कॉलेजसमोर झेरॉक्स सेंटर आहे. पाय, प्रिंटर सगळं एका मुलाने छान बसवून दिलं होतं. जून महिन्यात, ऐन प्रवेशाच्या गडबडीत, इंटरनेटवाल्याने राउटर बदलला आणि नवं नाव, नवा पासवर्ड ठेवून तो निघून गेला. प्रिंटर बंद. बसवून देणारा मुलगा तोवर पुण्याला नोकरीला लागलेला. तीन दिवस ताई प्रिंटरची केबल थेट लॅपटॉपला लावून, एकेका पोराची फाइल मेलवर मागवून काम ढकलत होत्या आणि रांग शेजारच्या दुकानात लागत होती. यंत्र बिघडलेलंच नव्हतं. त्याला नवा पासवर्ड कोणी सांगितला नव्हता, एवढंच. दहा मिनिटांचं काम.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करते. पहिली, इथे सगळ्या कमांड मी बोलते तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या लिपीत करायच्या. अचूक स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत दाखवलंय, तिथे थांबवून बघा. सारखे येणारे तीन शब्द आत्ताच पाठ करा : 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ, मालकाच्या अधिकाराने काम कर असं सांगणं. 'एनएमसीएलआय' ही पाच इंग्रजी अक्षरं जोडून, ही आपली मुख्य कमांड. आणि 'डब्ल्यूलॅन०' म्हणजे डब्ल्यू-एल-ए-एन आणि लगेच शून्याचा आकडा, हे पायच्या वायफायचं नाव. स्पेस आणि जोडरेघ जिथे दाखवली आहे तिथे द्यायचीच.

दुसरी गोष्ट जुन्या व्हिडिओंची. इंटरनेटवर अजूनही शेकडो जण सांगतात की मेमरी कार्डवर 'डब्ल्यूपीए सप्लिकंट' नावाची फाइल बनवून टाका, वायफाय आपोआप जोडलं जाईल. ही पद्धत एकेकाळी बरोबर होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये रास्पबेरी पाय ओएसची 'बुकवर्म' आवृत्ती आली आणि तेव्हापासून वायफायचा कारभार 'नेटवर्क मॅनेजर' बघतो. त्यानंतरच्या आवृत्त्यांवर ती जुनी फाइल टाकून काही होत नाही, माणूस मात्र अख्खी संध्याकाळ घालवतो. तसंच 'पाय' हे युजरनेम आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड. २०२२ च्या एप्रिलपासून तो आयता मिळत नाही. तुम्ही कार्ड बनवताना जे नाव आणि जो पासवर्ड दिला असेल तोच चालतो. व्हिडिओची तारीख बघून मगच त्याचं ऐका, माझ्या व्हिडिओचीसुद्धा.

आत कसं शिरायचं

कार्ड 'रास्पबेरी पाय इमेजर' या सॉफ्टवेअरने बनवताना सेटिंगमध्ये यंत्राचं नाव, युजरनेम, पासवर्ड द्यायचा आणि 'एसएसएच' चालू करायचं. एसएसएच म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पायच्या काळ्या स्क्रीनपर्यंत पोचायची वाट. आपण यंत्राचं नाव 'प्रिंटपाय' आणि युजरनेम 'दुकान' धरू.

इमेजरमध्ये वायफायचा पासवर्डही देता येतो, मग हे सगळं कशाला, असं तुम्ही म्हणाल. पहिल्या दिवशी ते पुरतं. पण राउटर बदलला, पासवर्ड बदलला, दुकान हललं, की दर वेळी कार्ड पुसून सगळं नव्याने बसवणार का? प्रिंटरच्या सगळ्या सेटिंगसकट? ताईंची अडचण नेमकी हीच होती.

पायचं ३बी, ३बी प्लस, ४ किंवा ५ हे मॉडेल असेल तर त्याला लॅन केबलचं तोंड असतं. राउटरपासून पायपर्यंत एक साधी लॅन केबल लावा. ही केबल आपला दोर आहे. वायफाय पूर्ण चालू होईपर्यंत ती काढायची नाही. झीरो २ डब्ल्यूला हे तोंड नसतं. तिथे एकदा कोणाचा तरी टीव्ही आणि कीबोर्ड लावून (एचडीएमआयसाठी आणि यूएसबीसाठी वेगळा छोटा कन्व्हर्टर लागतो) याच कमांड थेट पायवर द्यायच्या. म्हणूनच पहिला पाय घेणाऱ्याला मी झीरो सुचवत नाही. स्वस्त दिसतो, पण त्या कन्व्हर्टरच्या नादात वेळ जातो.

आता लॅपटॉपवर विंडोज १० किंवा ११ असेल तर स्टार्टमध्ये 'पॉवरशेल' शोधून उघडा आणि लिहा :

एसएसएच दुकान@प्रिंटपाय.लोकल

लॅपटॉप त्याच राउटरवर हवा. पहिल्यांदा ते इंग्रजीत विचारेल की या यंत्रावर विश्वास ठेवू का. 'येस' असं पूर्ण टाइप करून एंटर. मग पासवर्ड. आणि इथे हमखास घाबरगुंडी उडते : पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही. ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, ती पद्धतच तशी आहे. टाइप करा आणि एंटर मारा.

'प्रिंटपाय.लोकल' सापडत नाही असं आलं, तर राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, तिथे पायचा आयपी पत्ता बघा आणि नावाऐवजी तो वापरा.

पायला ऐकू येतंय का?

आत गेल्यावर काही वेळा एक इंग्रजी ओळ दिसते : वायफाय आरएफकिलने अडवलेलं आहे, आधी देश ठरवा. बरेच लोक ती ओळ न वाचता पुढे जातात आणि मग कुठलंच नेटवर्क दिसत नाही. देश सांगायची कमांड :

सुडो रास्पी-कॉन्फिग नॉनइंट डू_वायफाय_कंट्री आयएन

(शेवटची दोन अक्षरं आय आणि एन, तेवढी मोठ्या लिपीत.) देश कशाला लागतो? वायफाय म्हणजे रेडिओ, आणि कुठल्या चॅनलवर किती ताकदीने बोलायचं याचे नियम देशागणिक वेगळे. अमेरिकेत २.४ गिगाहर्ट्झवर साधारण १ ते ११ हेच चॅनल वापरतात, आपल्याकडे १३ पर्यंत चालतात. पायला तुम्ही अमेरिकेचं यंत्र म्हणून सांगितलं आणि राउटर १३ वर बसला, तर शेजाऱ्यांची सगळी नेटवर्क दिसतील, तुमचंच दिसणार नाही. देश देऊनही अडकलं असेल तर :

सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय

मग स्थिती बघा :

एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस

यादीत डब्ल्यूलॅन० समोर 'डिसकनेक्टेड' दिसलं तर आनंद माना. अर्थ असा की रेडिओ चालू आहे, फक्त कुठे जोडलेला नाही. 'अनअव्हेलेबल' असेल तर रेडिओच बंद आहे, वरच्या दोन कमांड पुन्हा द्या.

नेटवर्क दिसतंय का?

एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट --रीस्कॅन येस

आता आजूबाजूची सगळी नेटवर्क एका तक्त्यात येतील. घाई करू नका, हा तक्ता नीट वाचा, कारण निम्म्या तक्रारींचं उत्तर इथेच असतं. 'एसएसआयडी' म्हणजे नेटवर्कचं नाव. 'चॅन' म्हणजे चॅनल : १ ते १३ असेल तर ते २.४ गिगाहर्ट्झ, ३६ आणि त्यापुढचं असेल तर ५ गिगाहर्ट्झ. 'सिग्नल' हा १०० पैकी आकडा. 'सिक्युरिटी'त डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ दिसेल.

तुमचं नेटवर्क यादीतच नाही? मॉडेल बघा. पायचं ३बी, झीरो डब्ल्यू आणि झीरो २ डब्ल्यू यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येतं. ३बी प्लस, ४ आणि ५ दोन्ही ऐकतात. राउटरवर २.४ बंद करून ठेवलेलं असेल, तर ३बी ला ते नेटवर्क अस्तित्वातच नाही. पासवर्ड बरोबर की चूक हा प्रश्न तिथे येतच नाही. प्रिंटरच्या कामाला २.४ पुरेसं आहे. वेग कमी, पण भिंतीतून जास्त पोचतं, आणि एका पानाच्या बिलाला वेग कुठे लागतो?

मोबाइलला फुल रेंज आहे म्हणून पायलाही असेल असं धरून चालू नका. मोबाइल हातात असतो. पाय बहुतेक वेळा लोखंडी रॅकच्या मागे, प्रिंटरच्या पोटाशी, वायरींच्या जंजाळात कोंबलेला असतो. सिग्नल चाळिशीच्या खाली दिसला तर एकही कमांड न देता पाय वीतभर बाहेर ओढा आणि यादी पुन्हा बघा. आकडा लगेच बदललेला दिसतो.

आता जोडा

नेटवर्कचं नाव 'दुकान-काम' आहे असं धरू. कमांड :

सुडो एनएमसीएलआय --आस्क डिव्हाइस वायफाय कनेक्ट "दुकान-काम"

नावात मोठी-छोटी लिपी जशी आहे तशीच. नावात स्पेस असेल तर अवतरणचिन्ह हवंच. '--आस्क' म्हणजे पासवर्ड मला विचार. बहुतेक ठिकाणी पासवर्ड कमांडमध्येच लिहायला शिकवतात. चालतं ते. पण पाय तुम्ही दिलेल्या कमांडची नोंद ठेवतो, आणि वरचा बाण दाबला की मागची कमांड पासवर्डसकट समोर येते. काउंटरवर दुसरा कोणी बसत असेल, तर ते कशाला? '--आस्क' लावा.

यशस्वी झालं तर इंग्रजीत 'सक्सेसफुली अॅक्टिव्हेटेड' असं येईल. आणि ही जोडणी कायमची जपून ठेवली जाते. लाइट गेली, आली, पाय पुन्हा चालू झाला, तरी तो स्वतःच जोडून घेतो.

नाही झालं तर दोन संदेश जास्त येतात. 'नो नेटवर्क विथ एसएसआयडी' म्हणजे त्या नावाचं काही ऐकू आलं नाही : स्पेलिंग, अंतर किंवा बँड. 'सीक्रेट्स वेअर रिक्वायर्ड' म्हणजे नेटवर्क सापडलं, पण बहुतेक वेळा पासवर्ड चुकला. आधी मोबाइलवर ते नेटवर्क 'फरगेट' करून तोच पासवर्ड हाताने टाकून बघा. राउटरच्या स्टिकरवरचा शून्य आणि 'ओ' यांनी भल्याभल्यांना फिरवलंय. पासवर्ड खात्रीने बरोबर असेल आणि राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असेल, तर राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र हा पर्याय निवडून बघा. जुन्या पायला नुसत्या डब्ल्यूपीए३ शी जमवून घेता येत नाही.

कमांड लिहायचा अगदीच कंटाळा असेल, तर 'सुडो एनएमटीयूआय' ही एकच कमांड द्या. बाणांनी हलवता येणारा एक साधा मेनू उघडतो. तोही याच नेटवर्क मॅनेजरचा. मी बॅचमध्ये तरीही आधी कमांडच शिकवते, कारण काही अडलं तर कमांड कारण सांगते, मेनू बराचसा गप्प बसतो.

खरंच जोडलं का, की केबलवर चाललंय?

इथे एक गंमत आहे आणि ती अनेकांना चकवते. केबल आणि वायफाय दोन्ही लावलेली असतील, तर पाय बाहेरची कामं केबलवरून करतो. तुम्ही इंटरनेट तपासता, सगळं छान दिसतं, केबल काढता आणि पाय गायब. म्हणून तपासताना 'वायफायवरूनच जा' असं बजावून सांगायचं :

पिंग -आय डब्ल्यूलॅन० -सी ४ १९२.१६८.१.१

यातलं 'आय' मोठ्या लिपीतलं, 'सी' छोटं. शेवटचा आकडा तुमच्या राउटरचा पत्ता. तो वेगळा असू शकतो. 'आयपी रूट' ही कमांड दिली की 'डीफॉल्ट व्हाया' नंतर तो दिसतो. चार उत्तरं आली म्हणजे पाय आणि राउटर यांच्यात वायफायने बोलणं झालं.

पुढची पायरी, राउटरच्या जागी ८.८.८.८ टाका. हा इंटरनेटवरचा गुगलचा पत्ता. मग त्या जागी गुगल.कॉम हे नाव टाका. आता बघा, या तीन तपासण्या तुम्हाला कुणाला फोन करायचा ते सांगतात. राउटरच उत्तर देत नसेल, तर भानगड तुमच्या दुकानात आहे. राउटर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर बहुतेक वेळा इंटरनेटवाल्याची लाइन गेली आहे. पायला हात लावू नका, त्याला फोन करा. आकडा चालतो पण नाव चालत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणजे डीएनएस अडकली आहे. राउटर एकदा बंद-चालू करून बघा.

आणि हे नीट लक्षात घ्या : प्रिंट काढायला इंटरनेट लागतच नाही. लॅपटॉप, पाय आणि राउटर एकमेकांशी बोलत असतील, तर लाइन गेलेली असतानाही लॅपटॉपमधली फाइल छापली जाते. "नेट गेलंय, प्रिंट निघणार नाही" असं गिऱ्हाइकाला सांगून परत पाठवण्याआधी पहिली तपासणी करा.

सगळं चाललं की 'सुडो पॉवरऑफ' देऊन पाय नीट बंद करा, केबल काढा, पुन्हा चालू करा, दोन मिनिटं थांबा आणि एसएसएचने आत शिरून बघा. ही परीक्षा दुकान बंद झाल्यावर घ्या, सकाळी साडेदहाला नको.

पत्ता पक्का करा, पण राउटरमध्ये

राउटर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता वाटतो आणि तो कधीतरी बदलतो. मग लॅपटॉप जुन्या पत्त्यावर प्रिंट पाठवत बसतो. पत्ता पक्का करायचे दोन मार्ग : पायवरच लिहून ठेवणं किंवा राउटरला सांगणं की या यंत्राला नेहमी हाच पत्ता दे. माझं मत स्पष्ट आहे, राउटरमध्येच करा. पायवर १९२.१६८.१.५० लिहून ठेवलंत आणि उद्या नवा राउटर १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते वाटू लागला, तर पाय जोडलेला असूनही कुणाला सापडणार नाही. राउटरमध्ये हा पर्याय 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' अशा नावाने असतो. त्याला यंत्राचा ओळख क्रमांक लागतो, तो असा मिळतो :

एनएमसीएलआय डिव्हाइस शो डब्ल्यूलॅन०

त्यात 'एचडब्ल्यूअॅडर' समोरचा क्रमांक घ्या. केबलचा क्रमांक वेगळा असतो, तो देऊ नका.

याच ठिकाणी गिऱ्हाइकांच्या वायफायचं बोलून घेते. बरेच जण एकच पासवर्ड भिंतीवर चिकटवतात आणि त्याच नेटवर्कवर बिलिंगचा लॅपटॉप, कॅमेरे, प्रिंटर सगळं. तसं करू नका. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं, ते गिऱ्हाइकांना द्या आणि पाय कामाच्या नेटवर्कवर ठेवा. फक्त एवढं ध्यानात असू द्या की गेस्टवरच्या मोबाइलला साधारणतः प्रिंटर दिसत नाही. तुमच्या मुलाचा मोबाइल चुकून गेस्टवर असेल, तर "प्रिंटर सापडत नाही" अशी बोंब होणारच.

राउटर बदलणार आहे? थांबा, आधी हे करा

सगळ्यात सोपा उपाय फुकट आहे. नवा राउटर बसवायला माणूस आला की त्याला सांगायचं : दादा, जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवा. मोठी-छोटी लिपी आणि सिक्युरिटीचा प्रकारही तोच. पाय, कॅमेरे, मोबाइल, सगळे आपापले जोडले जातात. ताईंच्या दुकानात त्या दिवशी कोणी हे एक वाक्य बोललं असतं, तर तीन दिवस वाचले असते.

नाव बदलणारच असेल, तर जुनं वायफाय चालू असतानाच नवं आधी नोंदवून ठेवा. यासाठी एनएमटीयूआयचा मेनू खरंच बरा : 'एडिट अ कनेक्शन', मग 'अॅड', मग वायफाय, नवं नाव, पासवर्ड. नेटवर्क अजून हवेत नसलं तरी नोंद होते. मोबाइलचं हॉटस्पॉटही असंच नोंदवून ठेवा. प्रदर्शनात स्टॉल लावला किंवा राउटर मेला, की हॉटस्पॉट चालू केला आणि पाय हजर. आयफोन असेल तर हॉटस्पॉटमधला 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' हा पर्याय चालू करा, नाहीतर २.४ वाल्या पायला तो दिसत नाही. दोन्ही हवेत असतील तेव्हा दुकानाचंच निवडावं म्हणून :

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "दुकान-काम" कनेक्शन.ऑटोकनेक्ट-प्रायॉरिटी २०

आकडा मोठा, त्याचा नंबर आधी. नोंदीचं नेमकं नाव 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' मध्ये दिसतं. इमेजरने बनवलेल्या नोंदीचं नाव वेगळंच काहीतरी असू शकतं, ते तिथून बघून घ्या.

वायफायवरून वायफाय बदलताना

पाय माळ्यावर आहे, केबल पोचत नाही, आणि तुम्ही वायफायवरूनच आत शिरून वायफायची सेटिंग बदलताय. म्हणजे बसल्या फांदीवरच कुऱ्हाड. सेटिंग चुकली की तुम्ही बाहेर, आणि शिडी आणायची वेळ. त्यासाठी एक युक्ती आहे. आधी पंधरा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट लावून ठेवा :

सुडो शटडाउन -आर +१५

मग बदल करताना 'मॉडिफाय' नंतर '--टेम्पररी' हा शब्द घाला. असा बदल कार्डावर लिहिला जात नाही. 'सुडो एनएमसीएलआय कनेक्शन अप "दुकान-काम"' दिलं की तो लागू होतो. स्क्रीन गोठली, आत शिरता येईना, तर चहा घेऊन या. पाय रीस्टार्ट होऊन जुन्या सेटिंगवर परत येतो. सगळं नीट चाललं तर 'सुडो शटडाउन -सी' ने रीस्टार्ट रद्द करा आणि तीच कमांड टेम्पररी शब्दाशिवाय पुन्हा द्या. पंधराच का? शेवटची ५ मिनिटं पाय नवीन लॉगिन घेत नाही, म्हणून हातात दहा तरी उरायला हवीत.

चालतंय, पण मधूनच अडतं

दुपारी दुकान शांत असतं, चारला पहिली प्रिंट पाठवली की ती रेंगाळते. वीज वाचवायला पायचं वायफाय डुलकी घेतं, हे एक कारण असू शकतं. ते बंद करायला :

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "दुकान-काम" ८०२-११-वायरलेस.पॉवरसेव्ह २

यात २ चा अर्थ 'बंद'. आधी केबल लावा, मग 'कनेक्शन अप'ची कमांड द्या किंवा पाय रीस्टार्ट करा, म्हणजे बदल लागू होईल.

दुसरं कारण चार्जर. घरात पडलेला मोबाइलचा जुना चार्जर लावलेला असतो. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. कमी पडलं की यंत्र चालू राहतं, पण वायफाय, यूएसबी यांचं काहीतरी विचित्र व्हायला लागतं आणि माणूस कमांडमध्ये दोष शोधत बसतो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' दिल्यावर ०एक्स०, म्हणजे शून्य-एक्स-शून्य आलं, तर विजेची तक्रार नाही. दुसरं काही आलं तर आधी चांगला चार्जर.

शेवटचं, कार्डाबद्दल. जोडलेल्या प्रत्येक नेटवर्कचा पासवर्ड पायच्या कार्डावर साध्या अक्षरांत साठवलेला असतो. पाय चालू असताना तो फक्त मालकाच्या अधिकाराने वाचता येतो, पण कार्ड काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलं की जाणकाराला तो मिळतो. म्हणून पाय विकताना, दुरुस्तीला देताना किंवा मित्राला "वापरून बघ" म्हणून देताना कार्ड काढून घ्या. कार्डासकट द्यायचाच असेल तर ते इमेजरने पुन्हा नव्याने लिहा. आणि कामावरचा मुलगा सोडून गेला तर राउटरचा पासवर्ड बदला, पण त्याच्या आधी नवा पासवर्ड पायवर नोंदवून ठेवा, वर सांगितला तसा.

पुढच्या व्हिडिओत याच पायवर 'कप्स' बसवून मोबाइलवरून पहिली प्रिंट काढू. तोवर केबल हाताशी ठेवा.